अर्धवट होडी आणि अठरावा अध्याय



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 7 ते 10, आणि त्याला जोडून श्लोक 25.

अठराव्या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नाने होते. संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय, हे मला वेगवेगळं करून सांग, असं तो विचारतो. सतरा अध्याय ऐकून झालेत, विश्वरूप पाहून झालंय, आणि तरी त्याचा गीतेतला शेवटचा प्रश्न आहे तो सोडण्याबद्दलचा. मला यात अर्जुन फार जवळचा वाटतो. काय धरायचं हे आपल्याला एक वेळ कळतं. काय सोडायचं आणि कधी सोडायचं, इथे भलेभले अडतात.

भगवंत उत्तर देताना त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नेमून आलेलं कर्तव्य मोहाने, नीट न समजता टाकून दिलं, तर तो तामस त्याग. हे काम दुःखाचं आहे, यात अंगाला कष्ट पडतील, या भीतीने टाकलं तर तो राजस त्याग. आणि असा त्याग करणाऱ्याला त्यागाचं फळ काही मिळत नाही, हेही ते बजावून सांगतात. तिसरा सात्त्विक. करायला हवं म्हणून काम करायचं, आणि करताना त्यातली आसक्ती आणि फळाची ओढ सोडायची. गंमत बघा, तिसऱ्या प्रकारात काम सुटतच नाही. सुटतं ते कामाला चिकटलेलं काहीतरी.

आता हे श्लोक आपण घाईत वाचले, तर एकच अर्थ हाती लागतो : शरीराला त्रास होतोय म्हणून काम सोडणारा भित्रा. आपल्या पिढीला हा अर्थ फार आवडतो. अंगात ताप असताना लॅपटॉप उघडायचा, गुडघा सुजलेला असताना मॅरेथॉन पळायची, आणि वर गीतेचा दाखला द्यायचा. म्हणून आज हे श्लोक मला एका खऱ्या प्रश्नासमोर ठेवून वाचायचे आहेत. प्रश्न माझ्या मामांचा आहे. त्यांना विचारूनच लिहितेय.

मामांचा प्रश्न

मामा मालवणजवळच्या एका गावात राहतात. तीस वर्षं मुंबईत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावी परतले. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडत जायचं आणि मग दोन्ही टोकांना माणसांनी उभं राहून ते वाळूवर ओढून घ्यायचं. ती होडी लाकडाची असायची. मामांच्या लहानपणी किनाऱ्यावर सगळ्या लाकडाच्याच होड्या होत्या. आता बहुतेक फायबरच्या दिसतात. फायबर हलकं, त्याला दरवर्षी तेलपाणी करायला नको. त्यात चूक कुणाचीच नाही. पण मामांच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती : बाबांच्या हातातली विद्या आपल्या हातात आलीच नाही.

म्हणून त्यांनी वयाच्या साठीत होडी बांधायला घेतली. अठरा फुटांची, वल्ह्यांनी चालणारी, एक लहान शीड लावता येईल अशी. गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे बसून शिकले. त्यांच्याबरोबर जाऊन लाकूड निवडलं. तळाचा कणा बसवला, त्यावर बरगड्या उभ्या केल्या, मग एकेक फळी वाकवून, तांब्याचे खिळे मारून चढवत गेले. चौदा महिने चाललं होतं. शिकवणारे सुतार मधल्या काळात वारले. दोन्ही बाजूंच्या फळ्या निम्म्याच्या वर चढल्या होत्या आणि दिवाळीनंतर मामांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. हृदयाची ताकद पूर्वीइतकी राहिली नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चाला, हलकी कामं करा. पण जड उचलायचं नाही, श्वास रोखून जोर लावायचा नाही, उन्हात राबायचं नाही. लाकडाच्या भुश्श्यात तर मास्कशिवाय पाऊलही टाकायचं नाही.

मी माघात गेले, तेव्हा होडी झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात उभी होती. बरगड्या उघड्या आणि वरच्या फळ्या नसलेली. मामा पडवीत बसले होते. मला म्हणाले, "काय गो, रोज गीता वाचतंस मां? मगे माका सांग, ही होडी पुरी करू काय सोडून देव?"

मामी आतून म्हणाल्या, "तेंका सांग तू. माझा आयकनत नाय."

म्हणजे दोन बाजू. मामांना आठवा श्लोक पाठ होता. कायेच्या क्लेशाला भिऊन काम सोडलं तर तो राजस त्याग, मग मी का सोडू, हा त्यांचा मुद्दा. मामींचं म्हणणं, जीव राहिला तर होडी. दोघंही खरंच बोलत होते, म्हणून उत्तर सोपं नव्हतं.

पहिली गोष्ट : हे काम 'नियत' आहे का?

राजस त्यागाचा श्लोक वाचताना एक शब्द डोळ्यांआड होतो. सातव्या आणि नवव्या श्लोकात भगवंत बोलतात ते नियत कर्माबद्दल, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या, केल्याशिवाय गत्यंतर नाही अशा कर्माबद्दल. आठवा श्लोक त्या दोघांच्या मधे आहे, आणि तोही त्याच कर्माबद्दल बोलतोय. आजारी आईला औषध देणं, पोराच्या शाळेची फी भरणं, दिलेला शब्द पाळणं, ही नियत कामं. अंग दुखतंय म्हणून ही टाकली, तर तो त्याग नव्हे.

होडी यात बसते का? प्रामाणिकपणे पाहिलं तर नाही. मामांना होडी बांध म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं घर तिच्यावर चालत नाही. ती त्यांच्या मनातली इच्छा आहे. निर्मळ आहे, सुंदर आहे, पण इच्छाच. शास्त्राच्या भाषेत काम्य. आणि काम्य कर्म सोडण्याला याच अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात संन्यास म्हटलंय. त्यात पळपुटेपणाचा डाग कुठेच नाही.

मी हे मामांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले. मग म्हणाले की शेजारची दोन मुलं रोज संध्याकाळी येऊन बघत बसतात, एक बारावीतला आणि एक आयटीआयला जाणारा. म्हाताऱ्या सुतारांनी मामांना शिकवताना एकच गोष्ट मागितली होती : हे तुझ्यापाशी थांबू देऊ नकोस.

इथे मला श्लोक उलगडल्यासारखा वाटला. होडी काम्य आहे, पण शिकवणं नियत झालंय. शब्द दिला गेलाय. एकाच मांडवात दोन कामं उभी आहेत, आणि आपण त्यांना एकच समजून प्रश्न विचारतोय. आपल्यापैकी कितीजणांचं असं होतं बघा. आपण 'प्रोजेक्ट' म्हणतो, त्याच्या पोटात एक खरं कर्तव्य असतं आणि त्याभोवती आपल्या हौसेचं मोठं वेष्टण. काही सोडण्याआधी एवढं तरी सुटं करून बघावं.

दुसरी गोष्ट : चार शब्दांची कसोटी

आता श्लोक 25. इथे भगवंत तामस कर्म कशाला म्हणायचं ते सांगतात. चार गोष्टींकडे न बघता, मोहाने सुरू केलेलं काम ते तामस. त्या चार गोष्टी : अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. म्हणजे पुढे काय बांधलं जाणार आहे, काय झिजणार आहे, कुणाला इजा होणार आहे, आणि आपली ताकद किती आहे.

आठवा श्लोक भित्र्यासाठी आहे, तर पंचविसावा हट्टी माणसासाठी. दोन्ही एकाच अध्यायात आहेत. एक घेतला आणि दुसरा टाकला, तर तो निवडून घेतलेला सोयीचा अर्थ झाला. आम्ही पडवीत बसून हे चारही शब्द होडीला लावून पाहिले.

अनुबंध. होडीच्या मागे काय काय बांधलं गेलंय? मामा दुपारी मांडवात गेले की मामी दर दहा मिनिटांनी हाक मारतात. रात्री मामांचा श्वास ऐकत जाग्या राहतात. मुंबईतला मुलगा फोन वाजला की दचकतो. होडी मामांची असली तरी तिची दोरी चार जणांच्या गळ्यात आहे.

क्षय. पैसे बरेचसे आधीच खर्च झालेत, ते आता मोजायचे नाहीत. झिजणार ती शक्ती. पण एक दुसरी बाजूही निघाली. मामी स्वतःच म्हणाल्या की मांडव बंद झाल्यापासून हे कुणाशी बोलत नाहीत. जेवणावर मन नाही, पेपर उघडून एकाच पानाकडे बघत बसतात. म्हणजे होडी करण्याने झीज होते, तशी ती पूर्ण थांबवण्यानेही होते. क्षय मोजायचा तर दोन्ही पारड्यांत मोजायला हवा. आपण फक्त करण्याची किंमत काढतो, न करण्याची काढत नाही.

हिंसा. हा शब्द ऐकला की आपल्याला दुसऱ्याला मारणं आठवतं. पण सतराव्या अध्यायात भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात जे दंभाने आणि हट्टाने स्वतःच्या शरीराला छळतात. आणि म्हणतात, ते आत बसलेल्या मलाही छळतात. अशांचा निश्चय आसुरी समजावा, इतका कडक शब्द तिथे वापरलाय. उपास असो, व्यायाम असो की होडी, आतल्या नारायणाला धाप लागेल असं करणं ही पूजा होत नाही.

पौरुष. आपली ताकद, आणि तीही आजची. आपण ताकद नेहमी आठवणीतून मोजतो. मामांच्या हातात अजून चौदा महिन्यांपूर्वीचा जोर आहे, पण छातीत नाही. हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. तो डॉक्टरांना विचारायचा असतो. गीता वाचणाऱ्याने डॉक्टरांचा कागद नीट वाचणं, हा पंचविसाव्या श्लोकाचाच अभ्यास आहे असं मी मानते.

पुढे पस्तिसाव्या श्लोकात भगवंत आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगतात. भय, शोक, विषाद आणि मद यांना जी चिकाटी सोडत नाही, तीही धृतीच, पण तामसी. म्हणजे चिकाटी दिसली की लगेच शाबासकी द्यायची नाही. ती कशाला धरून बसली आहे ते बघायचं. मामांनी मनाशी मुदत घातली होती की नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरवायची. मी विचारलं, ही मुदत कुणी घातली? दर्यावर जाणाऱ्यांसाठी त्या दिवसाला अर्थ आहे, नारळ वाहून समुद्राला नमस्कार करायचा तो दिवस. पण ही होडी त्या दिवशी हवी, असं दर्याने काही सांगितलेलं नाही. खरं तर झटक्यानंतर 'मी अजून आहे' हे गावाला दाखवायचं होतं. हे मामांनी स्वतःच कबूल केलं, हसत हसत.

दुसरी होडी

इथे मला भागवतातली एक गोष्ट सांगायची आहे. एकादश स्कंधाच्या विसाव्या अध्यायात भगवान उद्धवाला सांगतात की माणसाचा देह ही एक उत्तम बांधलेली होडी आहे. मिळायला फार कठीण, आणि तरी आपल्याला सहज मिळून गेलेली. सद्गुरू तिचं सुकाणू धरून बसलेत. माझी कृपा म्हणजे तिला लागलेला अनुकूल वारा. एवढं असून जो भवसागर तरून जात नाही, तो स्वतःचाच घात करतो.

म्हणजे मामांच्या अंगणात होड्या दोन आहेत. एक सागाची, मांडवात उभी. दुसरी हाडामासाची, पडवीत बसलेली, जिला आता दोन ठिकाणी आतून टेकू दिलेत. पहिली पुरी करण्यासाठी दुसरी फोडायची का? उत्तर उघड आहे.

पण थांबा, हा दृष्टांत मामींच्याच बाजूचा आहे असं समजू नका. होडी कशासाठी असते? किनाऱ्यावर झाकून ठेवण्यासाठी नसते. लाकडाची होडी फार काळ कोरडी पडून राहिली, की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. पाण्यात उतरवली की पहिल्यांदा थोडं पाणी आत झिरपतं. मग लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फटी आपोआप मिटतात. जपण्याच्या नादात वापरलीच नाही, तर ती जपल्यानेच खराब होते. देहाचंही असंच आहे. आजारपणानंतर माणूस स्वतःला इतका जपायला लागतो की जगणं म्हणजे फक्त न मरणं होऊन बसतं. भगवंतांनी देहाला होडी म्हटलं, तिजोरी म्हटलं नाही.

म्हणून सहाव्या अध्यायातला तो मध्यम मार्ग. खाणं बेताचं, झोप बेताची, आणि कामातली खटपटही बेताची. त्या योगाने दुःख नाहीसं होतं, असं भगवंत म्हणतात. 'काम बंद' असं म्हणत नाहीत, आणि 'झोकून दे' असंही म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट : 'माझ्या हातान'

इतकं झाल्यावर मला वाटलं, उत्तर सापडलं. मामांनी स्टुलावर बसावं, मुलांनी फळ्या चढवाव्यात. मी तसं म्हणाले, आणि मामांचा चेहराच उतरला. म्हणाले, "माझ्या हातान पुरी नाय झाली, तर ती माझी होडी कसली?"

मंडळी, खरी गाठ इथे होती. आजार नव्हता, डॉक्टर नव्हते, पैसे नव्हते. 'माझ्या हातान' हे दोन शब्द होते. आणि हे दोन शब्द तुमच्या-माझ्या प्रत्येक कामाच्या तळाशी असतात.

चौदाव्या श्लोकात भगवंत कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजून दाखवतात. अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. पुढे म्हणतात, एवढं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसतच नाही. आता होडीकडे बघा. लाकूड ज्या झाडाचं, ते कुणी लावलं कोण जाणे. मोजमाप म्हाताऱ्या सुतारांचं. त्यांना ते त्यांच्या वडिलांकडून आलेलं. खिळे दुसऱ्याने घडवलेले. चौदा महिने हृदय चाललं, ते मामांनी चालवलं होतं का? मग ती होडी 'माझ्या हातान' कधी होत होती?

या जागी मला नाथमहाराज आठवतात. ज्या एकादश स्कंधात देहाला होडी म्हटलंय, त्याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी टीका लिहिली, ती एकनाथी भागवत. पैठणला सुरू केली आणि 1573 मध्ये काशीला पूर्ण केली. हा ग्रंथ पुरा झाला. पुढे त्यांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं. युद्धकांडाचे 44 अध्याय झाले, आणि 1599 मध्ये नाथांनी देह ठेवला. रावणाशी युद्ध चालू आहे, सीता अजून अशोकवनात आहे, आणि लेखणी थांबली. पुढचं रामायण गावबाने पुरं केलं. परंपरेत सांगतात की हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, लोकांच्या लेखी मंद असा मुलगा होता.

एकाच संतांचा एक ग्रंथ स्वतःच्या हातांनी पुरा, आणि दुसरा शिष्याच्या हातांनी. आज आपण भावार्थ रामायणाची पोथी वाचतो तेव्हा ती नाथांचीच म्हणून वाचतो. गावबाने पुरी केली म्हणून ती नाथांची कमी झाली नाही. उलट मला असं वाटतं की नाथांनी मागे एक अपुरा ग्रंथ ठेवला, तसा तो पुरा करू शकेल असा माणूसही ठेवला. कुठलं काम मोठं होतं, सांगा बरं?

आणि ज्याला गावबा मिळत नाही त्याचं काय? त्याच्यासाठीही गीतेत आश्वासन आहे. या मार्गावर सुरू केलेलं वाया जात नाही, असं दुसऱ्या अध्यायात सांगितलंय. सहाव्या अध्यायात अर्जुन वाटेत थांबलेल्या साधकाबद्दल काळजीने विचारतो : तो फाटलेल्या ढगासारखा नाहीसा तर होत नाही ना? तेव्हा भगवंत 'बाबा रे' म्हणावं तितक्या मायेने समजावतात की चांगलं करणाऱ्या कुणाचीच दुर्गती होत नाही. हे बोलणं योगाबद्दलचं आहे, होडीबद्दलचं नाही, हे मला माहीत आहे. पण जे काम आपण देवाला वाहून करतो, तेही त्या योगातच येतं, अशी माझी श्रद्धा आहे.

होडी सोडली, दर्या नाही

आपल्या काळातलं एक उदाहरण देते. भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी 2018 साली गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांची होडी गोव्यात बांधलेली होती, नाव 'तुरीया'. मांडूक्य उपनिषद वाचणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको : जागृती, स्वप्न, सुषुप्तीच्या पलीकडची चौथी अवस्था. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना हलताही येत नव्हतं. बचाव पथकाने त्यांना उचललं आणि होडी तिथेच समुद्रात राहिली. पाठीवर शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांनी दुसऱ्या होडीतून हीच शर्यत केली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

हे मी 'बघा, जिद्द असेल तर सगळं होतं' असं म्हणायला सांगत नाही. प्रत्येकाचं शरीर असं परत येत नाही, आणि नाही आलं तर त्यात त्याचा दोष नाही. मला त्यातला मधला क्षण मोलाचा वाटतो. स्वतःसाठी बांधून घेतलेली होडी, आणि ती सोडून द्यायची. त्या दिवशी होडी धरून बसणं हे शौर्य झालं नसतं. सोडल्यामुळेच पुढचं काहीही शक्य राहिलं.

मग मामांनी काय ठरवलं?

त्यांनी त्या दिवशी काही ठरवलं नाही. पुढच्या तपासणीला जाताना होडीचे फोटो घेऊन गेले आणि डॉक्टरांना एकेक काम दाखवून विचारलं : हे चालेल का, हे चालेल का? खिळा ठोकणं नको, फळी उचलणं नको. आखणी करणं, रंधा मारलेल्या कडा हाताने तपासणं, फटींत कापूस कसा भरायचा ते बसून दाखवणं, हे चालेल. सकाळी एक तास, आणि मामी सांगतील तेव्हा बंद. नारळी पौर्णिमेची मुदत त्यांनी काढून टाकली. आता दोन्ही मुलं शनिवारी-रविवारी येतात. एखाद्या आठवड्यात एक फळी चढते, एखाद्या आठवड्यात चढवलेली काढावी लागते. मामा म्हणतात की चुकीची फळी बघून गप्प बसणं हे छातीला सगळ्यात जड काम आहे.

होडी पुरी होईल का? झाली तर मामा तिच्यात बसतील का? ठाऊक नाही. पण मामी आता हाका मारत नाहीत. चहा घेऊन मांडवातच जाऊन बसतात. त्याग झालाय, आणि काम सुटलेलं नाही. नवव्या श्लोकाचा अर्थ मला पुस्तकात इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता.

आजचा अभ्यास

तुमच्याही घरात एखादी अर्धवट होडी असेल. कुणाचा प्रबंध, कुणाचं स्टार्टअप, कुणाची स्पर्धा परीक्षेची तिसरी वेळ, कुणाचं नृत्य. आणि शरीर म्हणत असेल : जरा थांब. पाठ, थायरॉइड, मायग्रेन, झोप उडणं, काहीही. आज रात्री वही घ्या आणि शांतपणे लिहा.

पहिलं, यात माझं नियत किती आणि काम्य किती? दुसरं, अनुबंध, क्षय, हिंसा, पौरुष यांच्यासमोर एकेक खरी ओळ लिहा. करण्याचीही आणि न करण्याचीही. तिसरं, शरीराचा प्रश्न असेल तर तो शरीर जाणणाऱ्या माणसाला विचारा. पोथीला डॉक्टर करू नका आणि इंटरनेटलाही नको. चौथं, आणि हे सगळ्यात अवघड : हे काम दुसऱ्याच्या हाताने पुरं झालं तर मला आनंद होईल का? उत्तर 'हो' आलं, तर निर्धास्त करा किंवा निर्धास्त सोडा, दोन्ही चालेल. उत्तर 'नाही' आलं, तर आधी त्या 'नाही'जवळ थोडं बसा. काम चांगलं असेल, पण सोडायचं ते नेमकं तिथे आहे.

आणि घरात कुणी आजारी माणूस अर्ध्या कामाकडे बघत बसला असेल, तर त्याला 'आता काय करायचंय ते' असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, यातलं मला काय शिकवता? कदाचित तो गावबाचीच वाट बघत असेल.

हे पांडुरंगा, देहाची ही होडी तू दिलीस. तिच्यात पाणी शिरतंय हे आम्हाला कळू दे, आणि तेवढ्याने घाबरून आम्ही किनाऱ्यालाही चिकटू नये. जे आमच्या वाट्याचं आहे ते करायला बळ दे. जे आमच्या हातून सुटतंय, ते दुसऱ्याच्या हातात आनंदाने ठेवता येऊ दे. सुकाणू तुझ्याकडे आहे, ते तुझ्याकडेच राहू दे.

उद्याचं वाचन : अध्याय 18, श्लोक 11 आणि 12.

राम कृष्ण हरी.